लाल पेशी ऑक्सिजन कसा वाहतात? लॅबच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी नाशिकला, पंचवटीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी साडेसात ते दहा उपाशीपोटी आलेल्यांची गर्दी असते. दंडाला पट्टा बांधला आणि मूठ वळायला सांगितली की माणसं बोलायला लागतात, बहुतेक वेळा सुईकडे बघायला नको म्हणून. हे प्रश्न त्यातून साठत गेले. काही बारावीच्या पोरांचे आहेत, काही त्यांच्या आज्यांचे. आज्यांचे जास्त अवघड असतात. औषध सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टरांनी सांगावं. पेशी कशी घडलेली आहे ते मात्र रोज भिंगाखाली बघते, तेवढं सांगते.

ताई, रक्त एवढं काळपट कसं? आत काही बिघडलंय का?

काही बिघडलेलं नाही. आम्ही शिरेतून रक्त काढतो, आणि शिरेतलं रक्त म्हणजे अंगभर ऑक्सिजन वाटून माघारी निघालेलं रक्त. लाल पेशीतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन लालभडक दिसतं, सोडलेलं गडद, जांभळट झाक असलेलं. बल्बमध्ये, म्हणजे रक्त भरायच्या नळीत, दोन्ही मिसळलेली असतात. हाताच्या शिरा बाहेरून निळ्या दिसतात ती कातडीतून परतणाऱ्या प्रकाशाची करामत. आतलं रक्त कुठेच निळं नसतं.

वाटून निघालेलं म्हणजे रिकामं झालेलं, असं मात्र समजू नका. तुम्ही निवांत बसलेले असता तेव्हा फुप्फुसातून निघताना हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेलं असतं आणि शिरांतून परतताना ७५ टक्के. पाऊण माल गाडीतच. तो परत का आणायचा, हे पुढे येईल. या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे.

लाल पेशी दिसते कशी? मेदूवड्यासारखी?

मेदूवड्याला भोक असतं, हिला नसतं. मऊ पेढा घ्या आणि दोन्ही बाजूंनी मधोमध अंगठ्याने आणि बोटाने दाबा, साधारण तसा आकार. व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, कडेची जाडी २ ते २.५, मधली जेमतेम १. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अशा १३०-१४० पेशी शेजारी शेजारी मांडल्या की कुठे एक मिलिमीटर भरतो. डेल्फ्टच्या लेवेनहुक नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६७४मध्ये स्वतः घासलेल्या भिंगातून या पेशी पाहून त्यांचं वर्णन लिहिलं होतं. आम्हाला आजही त्या पाहताना कंटाळा येत नाही.

रंगवलेल्या स्लाइडवर पेशीचा मधला भाग फिकट दिसतो, कारण तिथे ती पातळ असते. हा फिकट भाग व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठा दिसू लागला की लोह कमी पडत असावं, अशी शंका रिपोर्ट छापायच्या आधीच येते.

साधा गोल चेंडू का नाही? एवढा दाबलेला आकार कशासाठी?

याची दोन कारणं आहेत, आणि पुस्तकात बहुधा पहिलंच असतं.

पहिलं कारण पृष्ठभागाचं. एका पेशीचं आकारमान साधारण ९० घन मायक्रोमीटर आणि पृष्ठभाग १४० चौरस मायक्रोमीटर. तेवढ्याच मालाचा चेंडू वळला तर पृष्ठभाग शंभराच्याही थोडा आतच राहतो. म्हणजे दाबल्यामुळे चाळीसेक टक्के कातडं जास्त मिळालं, आणि ऑक्सिजन आतबाहेर करतो तो याच कातड्यातून. शरीरात अशा साधारण २५ लाख कोटी पेशी आहेत. सगळ्यांचा पृष्ठभाग पसरला तर ३,५०० चौरस मीटर होतो. आमच्याकडे द्राक्षबागायतदार येतात, त्यांना गुंठ्यात सांगावं लागतं: चौतीस-पस्तीस गुंठे, एकराला पाच-सहा गुंठे कमी. शिवाय पेशी पातळ असल्यामुळे आतला हिमोग्लोबिनचा कुठलाही रेणू पृष्ठभागापासून फार तर एखाद्या मायक्रोमीटरवर असतो. फुप्फुसाच्या केशवाहिनीत, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिनीत, पेशीला थांबायला मिळतो पाऊण सेकंद, आणि ती भरून तयार होते पाव सेकंदात. पळताना रक्ताचा वेग वाढतो आणि हा मुक्काम कमी होतो, तेव्हा शिल्लक राहिलेला अर्धा सेकंद कामी येतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तोंडापर्यंत गच्च भरलेलं पोतं वाकत नाही. थोडं रिकामं असलं की ते खांद्यावर नीट बसतं, वळतं. लाल पेशी अशी मुद्दाम थोडी रिकामी ठेवलेली पिशवी आहे. तिला स्वतःच्या व्यासाहून अरुंद केशवाहिनीतून घडी पडून सरकायचं असतं, आणि प्लीहेत, म्हणजे पोटात डावीकडे असलेल्या रक्त गाळणाऱ्या अवयवात, तर एक मायक्रोमीटरच्याही आतल्या फटीतून निघायचं असतं. चेंडू तिथे अडकला असता.

घडी पडून पुन्हा मूळ आकारावर येते कशी, असा प्रश्न यातूनच निघतो. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन नावाच्या लांबट प्रथिनाची जाळी विणलेली असते आणि ती जागोजागी पटलाला टाचलेली असते. लासलगावच्या बाजारात कांद्याची लाल जाळीची गोणी पाहिली असेल, ओढली की ताणते, सोडली की जागेवर येते. तोच प्रकार. काही घराण्यांत ही जाळी किंवा तिचे टाके जन्मतःच कच्चे असतात. मग पटलाचे तुकडे झडत जातात, पेशी खरोखरच चेंडूसारखी होते आणि प्लीहेत अडकून वेळेआधी मोडते. स्लाइडवर अशा पेशींना मधला फिकटपणा नसतो, त्या सगळीकडे सारख्याच गडद दिसतात.

तिला केंद्रक नसतं म्हणे. मग ती जिवंत कशी?

जन्मताना असतं. लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, मोठ्या माणसात मुख्यतः मणके, छातीचं हाड, फासळ्या आणि कमरेचं हाड यांत. हिमोग्लोबिन भरत आलं की ती पेशी आपलं केंद्रक बाहेर ढकलते आणि शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. रक्तात उतरल्यावर दिवसा-दोन दिवसांत उरलीसुरली यंत्रसामग्रीही जाते. प्रथिनं बनवणारी रायबोसोम जातात, ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका जातात.

तंतुकणिका नाहीत म्हणून ती ऑक्सिजन वापरतच नाही. ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फोडून तेवढ्यावर भागवते. दूधवाल्याच्या घरी कोरा चहा, असला प्रकार. याचं मोल तिला चुकवावं लागतं. एखादं प्रथिन खराब झालं तर नवं बनवता येत नाही, त्यामुळे आयुष्य १२० दिवसांचं. तेवढ्या दिवसांत, मिनिटाला एक या हिशेबाने, शरीराच्या पावणेदोन लाख फेऱ्या होतात. तिसऱ्या श्रावण सोमवारी ब्रह्मगिरीची एक फेरी करून आपण चार दिवस पाय चेपत बसतो.

जुन्या इतक्या मोडतात तर नव्याही तितक्याच लागणार: दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त.

केंद्रक नसल्यामुळेच जास्त ऑक्सिजन मावतो, हे परीक्षेत लिहायचं ना?

लिही बाबा, मार्क मिळतील. पण नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात जे पाहुणे पक्षी उतरतात त्यांतल्या एकूण एक पक्ष्याच्या लाल पेशीत केंद्रक असतं, आणि त्यांचं उडणं काही त्यामुळे अडत नाही. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. त्याचा फायदा आहे हिमोग्लोबिनमधल्या बारीक फरकाचा, त्यामुळे विरळ हवेतही ते ऑक्सिजन घट्ट धरतं. केंद्रक टाकणं ही सस्तन प्राण्यांची पद्धत. त्याने पेशी लहान झाली, लवचीक झाली, आत जागा झाली, एवढं खरं. एकमेव चांगला मार्ग तोच, असं मात्र नाही.

हिमोग्लोबिनमध्ये लोखंड असतं तर ते गंजत कसं नाही?

हा एका फॅब्रिकेशनवाल्या काकांचा प्रश्न, अंबडच्या एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप आहे. इतका नेमका प्रश्न मला बारावीच्या कुठल्या मुलाने अजून विचारलेला नाही.

हिमोग्लोबिन म्हणजे प्रथिनाच्या चार साखळ्यांचा गुंडाळा: दोन अल्फा, दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या खोबणीत हीम नावाची एक चपटी चकती आणि चकतीच्या मधोमध लोहाचा एक अणू. लोहाच्या एका अणूला ऑक्सिजनचा एक रेणू लागतो, म्हणजे एका हिमोग्लोबिनवर चार. एका पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू असतात. एक पेशी पूर्ण भरली की शंभर कोटींहून जास्त ऑक्सिजनचे रेणू घेऊन निघते.

आता गंजण्याचं. चकती नुसती पाण्यात टाकली तर लोह ऑक्सिजनला धरून ठेवत नाही, स्वतःच बदलून जातं. त्याचा एक इलेक्ट्रॉन जातो आणि मग ऑक्सिजन धरण्याच्या ते कामाचं राहत नाही. गंज चढतो त्याच जातीची ही गोष्ट. प्रथिनाची खोबण हेच टाळते. ती आतून तेलकट स्वभावाची असते, पाण्याला फिरकू देत नाही आणि दोन चकत्या एकमेकींना भिडू देत नाही. लोहाच्या एका बाजूला हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल त्याला धरून असतं, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन बसतो आणि सहज उठतो. काकांना मी सांगितलं, रंगाचा हात मारलाय असं समजा, फक्त हा रंग ऑक्सिजनला आत सोडतो आणि बाहेरही.

तरी रोज थोडं हिमोग्लोबिन बिघडतंच. पेशीत ते परत सुधारणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, त्यामुळे बिघडलेल्याचं प्रमाण एखाद्या टक्क्याच्या आसपासच राहतं. तान्ह्या बाळात हे विकर कमी असतं. खतांचं नायट्रेट उतरलेल्या विहिरीचं पाणी वापरून वरचं दूध केलं तर बाळ निळसर पडू शकतं, ते यामुळे.

हिमोग्लोबिनची ही रचना उलगडायला केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७मध्ये सुरुवात केली आणि ती हाती यायला १९५९ उजाडलं. १९६२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासोबत मिळालं.

हिमोग्लोबिनच ऑक्सिजन वाहतं, तर ते रक्तात सुटंच का नाही ठेवलं? पेशीचा खटाटोप कशाला?

हिमोग्लोबिन मुळीच नसतं तर काय झालं असतं ते आधी बघू. एक लिटर रक्तद्रवात, म्हणजे पेशी सोडून उरलेल्या पातळ भागात, फक्त ३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फेकतं, म्हणजे १५ मिलिलिटर. नुसतं बसून राहायला शरीराला मिनिटाला २५० लागतो. हिमोग्लोबिनमुळे तेच एक लिटर रक्त २०० मिलिलिटर वाहतं.

आता एवढं हिमोग्लोबिन सुटं सोडलं तर रक्तद्रव घट्ट होईल आणि आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून घेईल. शिवाय पेशीबाहेर पडलेला रेणू मधोमध फुटून त्याचे दोन भाग होतात आणि ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटतात. लघवी काळपट होते, मूत्रपिंडाला इजा होते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही सुटं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि वाहिन्या आवळतात. पिशवीत बांधून ठेवलं की हे सगळं टळतं. पेशीच्या आत दर १०० मिलिलिटरला सुमारे ३३ ग्रॅम इतकं हिमोग्लोबिन कोंबलेलं असतं. तुमच्या रिपोर्टवर एमसीएचसी म्हणून ३२ ते ३६च्या दरम्यानचा आकडा असतो ना, तो हाच.

ऑक्सिजन धरला ते कळलं. पण सोडायचा कुठे, हे तिला कोण सांगतं?

खरं कसब इथे आहे. नुसतं घट्ट धरायचं असतं तर काम सोपं होतं. पण जो धरून ठेवेल तो शेवटच्या पेशीला काय देणार?

पंगत आठवा. पानं मांडलेली असतात, पहिलं कोणी बसत नाही. एक आजोबा बसले की शेजारचे बसतात, मग भराभर सगळी रांग भरते. उठतानाही तेच, एक उठला की बाकीचे उठायला लागतात. हिमोग्लोबिनच्या चार जागांचं असंच आहे. चारही जागा रिकाम्या असताना साखळ्या एकमेकींना आवळून बसलेल्या असतात आणि पहिल्या ऑक्सिजनला आत शिरायला त्रास पडतो. तो बसला की लोह चकतीच्या पातळीत किंचित सरकतं, साखळी ओढली जाते, आवळलेले दुवे तुटतात आणि पुढच्यांना जागा सोपी होते. सुटताना उलटा क्रम.

याचा परिणाम आकड्यांत बघा. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब असतो पाऱ्याचा सुमारे १०० मिलिमीटर, विसावलेल्या अवयवांत ४०. दाब साठाने उतरला तरी हिमोग्लोबिन सोडतं जेमतेम पाव माल, ९८ टक्क्यांवरून ७५वर येतं. राबणाऱ्या स्नायूत दाब आणखी फक्त विसाने उतरतो, ४०चा २० होतो, आणि भरणं ७५वरून थेट ३५ टक्क्यांवर येतं. थोडी गरज वाढली की भरपूर माल उतरतो. सुरुवातीला म्हटलं होतं तो शिरेतला पाऊण साठा यासाठी. बस पकडायला तुम्ही धावलात तर हृदयाने वेग घेईपर्यंत स्नायू त्यावर तगतात.

दाबाशिवाय आणखी खुणा असतात. राबणारा स्नायू गरम होतो, आम्लही तयार करतो, कार्बन डायऑक्साइडही. या तिन्हींमुळे हिमोग्लोबिनची पकड ढिली होते. आम्ल आणि कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम डेन्मार्कच्या ख्रिश्चन बोर यांनी १९०४मध्ये दाखवला. अणूची रचना सांगणारे नील्स बोर त्यांचेच चिरंजीव.

आणि एक खूण पेशी स्वतः तयार करते. ग्लुकोज फोडताना तिच्यात बीपीजी नावाचा एक रेणू बनतो. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनच्या मध्यभागी एक फट उघडते, त्यात हा जाऊन बसतो आणि ऑक्सिजनला लगेच परत येऊ देत नाही. रक्त कमी असलेल्यांत तो वाढलेला सापडतो: गाड्या कमी तर प्रत्येकीतून जास्त माल उतरवा. गर्भाचं हिमोग्लोबिन वेगळ्या साखळ्यांचं असतं, त्याच्यावर बीपीजीची मात्रा फारशी चालत नाही. म्हणून वारेतून आईच्या रक्तातला ऑक्सिजन बाळाकडे ओढला जातो.

ऑक्सिमीटर ९९ दाखवतो, तरी आईला धाप लागते. मशीन खोटं आहे का?

एप्रिल २०२१पासून नाशिकमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि हा प्रश्नही त्याच्याबरोबर आला. मशीन खरंच सांगतंय, पण ते काय मोजतं ते बघा. बोटातून ते दोन प्रकारचा उजेड सोडतं, एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा ९४० नॅनोमीटरचा. भरलेलं आणि रिकामं हिमोग्लोबिन हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्यागणिक होणारा बदल पकडायची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७०च्या दशकातली.

त्यातून कळतं ते एवढंच, की आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेलं आहे. एकूण आहे किती, ते कळत नाही. सीबीएसवरून सुटलेल्या एसटीत सगळ्या सीट भरलेल्या आहेत, म्हणजे ९९ टक्के. पण आज पंधराच्या जागी सातच एसट्या सुटल्या असतील तर? एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. १५ ग्रॅमवाल्याच्या १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर, ७ ग्रॅमवाल्याच्या रक्तात साडेनऊही नाही. मशीन दोघांना ९९च दाखवेल. धाप लागायला हृदयाची, फुप्फुसाची कारणंही असतात, म्हणून डॉक्टरांना दाखवाच, पण सोबत सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजायची तपासणी, करून घ्या.

वणीच्या गडावर चढताना दम लागतो. उंचीमुळे ऑक्सिजन कमी पडतो का?

पायऱ्यांमुळे लागतो हो! नाशिकच मुळात सुमारे ६०० मीटरवर आहे आणि कळसूबाईचं टोक १,६४६ मीटर. एवढ्या उंचीवर हवा थोडी विरळ होते, पण हिमोग्लोबिनचा भरण्याचा आलेख वरच्या टोकाला सपाट असतो. दाब थोडा उतरला तरी भरणं फारसं घटत नाही. दम लागतो तो पायांना आणि वजनाला. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, चित्र बदलतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असतो आणि ऑक्सिमीटर ९०च्या आसपास येतो. आधी श्वास वाढतो, मग बीपीजी. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सुटून मज्जेला पेशी वाढवायचा निरोप जातो, पण त्या पेशी भरून यायला आठवडे लागतात. पाच दिवसांच्या सहलीत तेवढं होत नाही.

गॅस गिझरने माणसं मरतात ते नेमकं कशाने?

कार्बन मोनॉक्साइडने. नाशिक-निफाडच्या थंडीत खिडकी लावून, दार लावून आंघोळ करतात, आत गॅस गिझर पेटलेला असतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. ऑक्सिजनच्याच जागी तो हिमोग्लोबिनला चिकटतो, दोनशे पटींहून अधिक जोराने. त्यात चारपैकी एखादी जागा त्याने अडवली की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही सुटेनासा होतो. पंगतीत एकाने उठायचंच नाही ठरवलं तर बाकीचेही अवघडून बसतात, तसं.

या वायूला वास नाही, रंग नाही. धाप लागायच्या आधी गरगरतं, डोकं दुखतं, पाय गळतात, आणि माणूस कडीपर्यंत पोचत नाही. साधा ऑक्सिमीटर तेव्हाही उत्तम आकडा दाखवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा. शेगडीबद्दलही हेच, पेटलेली शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका.

परतीच्या वाटेवर ती कार्बन डायऑक्साइड आणते ना?

आणते, पण बहुतेक वेगळ्या रूपात. सुमारे ७० टक्के कार्बन डायऑक्साइड लाल पेशीतल्या विकराच्या मदतीने बायकार्बोनेट होतो आणि रक्तद्रवात उतरून प्रवास करतो. वीसेक टक्के हिमोग्लोबिनच्या प्रथिनाला चिकटतो, लोहाला नाही. उरलेला विरघळून येतो.

सिकलसेलमध्ये पेशी विळ्यासारखी होते म्हणजे काय?

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या बाजूचे लोक हा प्रश्न विचारतात, आणि तो घाईत उरकण्यासारखा नाही.

बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये त्यांतलं फक्त सहावं बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५०च्या दशकात हे शोधून काढलं. त्याआधी १९४९मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रोगाचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे दाखवलं होतं. हे हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरतं, वाहतं, त्यात काही खोट नाही. ते ऑक्सिजन सोडतं तेव्हा घोटाळा होतो. रिकाम्या रेणूंवर एक चिकट जागा उघडी पडते, ते एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे लांब ताठ दोर होतात. त्या दोरांनी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. फुप्फुसात ऑक्सिजन मिळाला की सुरुवातीला ती सावरते, पण असं पुन्हा पुन्हा झालं की वाकडीच राहते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, हाडांत असह्य कळा येतात. १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच त्या मोडतात, म्हणून रक्त कमी.

आई आणि बाप दोघांकडून बदललेलं जनुक आलं तर हा आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक असतो, त्याला सहसा त्रास होत नाही, उलट तीव्र मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, ते यामुळे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. भारतात हा बदल पहिल्यांदा १९५२मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला सुरू झालं आणि त्याचं लक्ष्य २०४७ आहे. तपासणीला कुंकू-टिळ्याआधी या. लग्न ठरल्यावर आलेली मुलं-मुली रिपोर्ट घेताना कशी उभी असतात, ते मी पाहिलेलं आहे.

डाळिंब, बीट, काळ्या मनुका खाल्ल्याने रक्त वाढतं ना?

कसमादेकडचे डाळिंबवाले रागावतील, पण डाळिंबात लोह जेमतेम. बीटाचा लाल रंग वेगळ्याच द्रव्याचा, त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही. काळ्या मनुकांत थोडं असतं, पण मूठभर मनुकांनी हिमोग्लोबिन ८चं १२ होत नाही. लाल दिसेल ते रक्त वाढवेल, हा आपला जुना हिशेब. हळीव, बाजरी, कडधान्यं, पालेभाज्या यांत लोह बरं असतं, आणि वर लिंबू पिळलं तर अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातली द्रव्यं ते बांधून टाकतात. चहा तासाभराने घ्या. नाशिककराला मिसळीवर लगेच चहा सोडायला सांगणं म्हणजे काय, याची मला कल्पना आहे.

आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असं धरून चालू नका. बी-१२ किंवा फोलिक आम्ल कमी असेल तर पेशी उलट मोठ्या होतात, संख्येने कमी. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता मी खूप बघते.

रिपोर्टवर लाल पेशींची संख्या जास्त आणि हिमोग्लोबिन कमी. छापायची चूक का?

बहुधा नाही. पेशी संख्येने भरपूर पण आकाराने फारच लहान असतील तर थॅलेसेमिया मायनरची शंका घेतात, म्हणजे हिमोग्लोबिनच्या साखळ्या जन्मतःच कमी बनत असाव्यात. डॉक्टर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायची तपासणी, सांगतील. तोवर स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

खेकड्याचं रक्त निळं आणि झुरळाचं पांढरं, असं का?

खेकड्यात लोहाऐवजी तांब्याचं हिमोसायनिन असतं आणि तेही पेशीत नाही, रक्तद्रवात सुटं. झुरळ ऑक्सिजन रक्तातून नेतच नाही, हवेच्या बारीक नळ्या थेट प्रत्येक भागापर्यंत पोचलेल्या असतात.

मार लागलेली जागा आधी काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळी का होते?

एका सहावीतल्या मुलाने गुडघा दाखवून विचारलं होतं. मार लागला की बारीक वाहिन्या फुटून लाल पेशी कातडीखाली सांडतात. भक्षक पेशी त्यांना गिळून हीमची चकती फोडतात. चकतीपासून आधी हिरवं बिलिव्हर्डिन बनतं, मग पिवळं बिलिरुबिन.

म्हाताऱ्या पेशींचं प्लीहेत आणि यकृतात रोज हेच चालतं, फक्त आपल्याला दिसत नाही. ताठर झालेली पेशी प्लीहेच्या फटीतून निघू शकत नाही आणि धरली जाते. बिलिरुबिन पित्तातून आतड्यात जातं आणि पुढे मलाला तपकिरी रंग देतं. लोह मात्र शरीर सोडत नाही. मोडलेल्या पेशींतून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत मज्जेत पोचतं. जेवणातून रोज नव्याने अंगी लागतं ते अवघं एक-दोन मिलिग्रॅम.

रक्तदान केल्यावर पेशी किती दिवसांत भरून येतात?

पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरतो. लाल पेशींना चार ते आठ आठवडे लागतात, आणि गेलेलं लोह भरायला त्याहून जास्त. म्हणून पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस थांबायला सांगतात. हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. पिशवीतलं रक्त २ ते ६ अंश तापमानाला ३५ ते ४२ दिवस टिकतं. ठेवलेल्या पेशींतलं बीपीजी पहिल्या दोनेक आठवड्यांतच उतरतं, त्यामुळे त्या ऑक्सिजन धरतात पण सोडायला कुचराई करतात. दुसऱ्याच्या अंगात गेल्यावर साधारण दिवसभरात ते बरंचसं पुन्हा भरून येतं. रक्तदानाच्या दिवशी नाश्ता करून या. रक्तदान उपाशीपोटी करायचं नसतं.